तोरणमाळला बदली होऊन जाणाऱ्या वायरमनला

झुलाल, फोनवर तू एकच विचारलंस.
खांब किती, डीपी कुठे, हे नाही,
वर जेवायचं कुठे.
म्हणजे माणूस कामाचा आहेस.

घाट चढून जीप थांबते
तिथे समोरच तीन बोर्ड दिसतील,
एक मराठीत, दोन गुजरातीत.
शनिवारी सुरतेच्या गाड्या येतात,
तेव्हा डाळीत गूळ पडतो आणि भाव चढतो.
सोमवारी गाड्या जातात, गूळ राहतो.
चहा तिथेच पी, दुधाचा असतो.
मंचुरियन मागू नकोस.
मी मागितलं होतं,
पुढे दोन दिवस लाइन माझ्याविना चालली.

शेवभाजी मनात आली तर मनातच ठेव,
ती खाली म्हसावदला राहिली.
तर्रीला घाट चढवत नाही.

विश्रामगृहात उखाभाऊ खानसामा.
हात असा, की साध्या वाटाण्याला वाटावं
आपणही कुणीतरी आहोत.
पण साहेब आल्याशिवाय तो चूल पेटवत नाही,
आणि आपण काही साहेब नाही.
त्याचा फ्यूज मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला उडतो.
लगेच बांधू नकोस.
आधी विचार, आज काय केलंय.

आता खरं ठिकाण.
तलावाच्या पाळीवरून डावीकडे उतर,
आंब्याच्या पलीकडे कुडाचं छप्पर.
बोर्ड नाही. मीटरही नाही,
अर्ज माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पडलाय,
तेवढा बघ.
ठुमलीबाई पावरा.
सकाळी सांगायचं, रात्री जेवायचं.
काय पाहिजे ते ती विचारत नाही,
किती जण, एवढंच.
मक्याची भाकर, कडेला करपलेली,
उडदाची दाळ, फोडणीशिवाय,
पाट्यावरची मिरची, लसूण,
आणि श्रावणात एक रानभाजी
जिचं नाव मी तीन वर्षं चुकीचं घेतलं
आणि तिनं तीन वर्षं बरोबर वाढली.
खात्र्याच्या जाळ्यात आला तर मासा,
नाही आला तर नाही,
याच्यावर चर्चा होत नाही.
धुकं सरळ आत येतं.
ताटातली दाळ दिसेनाशी होते,
मग बोटांनी शोधत जेवायचं.
असं आम्ही चौघं जेवलोय एकदा,
कुणी बोलत नव्हतं,
फक्त भाकरी मोडत होत्या.

मी भालोदचा,
वांग्याचा गर्व घेऊन जन्मलेला.
एकदा बामणोदची वांगी पिशवीभर वर नेली,
सोबत कपाशीच्या काड्या, भाजायला, घरच्या.
म्हटलं, बाई, आज तुम्ही खा.
तिनं भाजली, ठेचली,
एक घास घेतला, दुसरा घेतला,
म्हणाली, पाणी फार पाजता तुम्ही.
काळी माती, मोटरचं पाणी,
माझ्या बापाची चाळीस वर्षं,
सगळं तेवढ्या वाक्यात बसलं.
घरी हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
तू पण सांगू नको.

हिशेब ती लिहीत नाही,
मेढीवर कोळशाने रेघ ओढते.
माझी मेढ पाण्याच्या मडक्याजवळची,
खालून हात-दीड हात वर बघ.
बदलीचा कागद दुपारी आला,
तीनची एसटी समोर उभीच होती,
मी चढलो.
अकरा रेघा राहिल्या.
पैसे तुझ्या नंबरावर टाकलेत,
नोटा करून ने, तिच्याकडे रेंज नाही.

ती बारा म्हणेल.
वाद घालू नकोस, बाराचे दे.
त्या दिवशी सकाळी मी सांगून गेलो होतो,
एक जण.